राहत्या घराची सूट

११ मार्च

गिल म्हणाला, "सरकारशी भांडायचं तर रोजच्या रोज लिहून ठेव. कोण काय म्हणालं, कसं म्हणालं, सगळं. पुढे कामाला येतं." गिल फोंटाना आमचा शेजारी. त्याचं सगळं आयुष्य लोकांचे कराचे कागद भरून देण्यात गेलं, त्यामुळे या एका बाबतीत त्याचं ऐकायला हवं. बाकी ऐकण्यासारखा माणूस नाही. तेव्हा लिहितो.

उद्या हे कुणा वकिलाच्या हाती पडलं तर त्याच्यासाठी: मी वेंडेल क्राउस. ओहायोत डेटनला शाळेच्या मुलांना गाडी चालवायला शिकवायचो. बायको लोरेटा, तिथल्याच वाचनालयात. सतरा वर्षांपूर्वी बर्फ उपसून पाठ गेली म्हणून फ्लोरिडात आलो, हे दोन खोल्यांचं घर घेतलं आणि तेव्हापासून इथेच आहोत. मुलंबाळं नाहीत.

आज काउंटीच्या कर कचेरीचं पत्र आलं. आमची घरपट्टीतली राहत्या घराची सूट रद्द. लोरेटाच्या नावावर डेटनचं तिच्या वडिलांचं घर आहे, तिचा भाऊ क्लाइड तिथे राहतो. आम्ही तिथे राहत होतो तेव्हापासून त्या घरालाही राहत्या घराची सूट आहे, आणि ती आजतागायत चालूच आहे. नवराबायकोला मिळून राहतं घर एकच, असा कायदा. म्हणजे गेली सगळी वर्षं आम्ही दोन्हीकडून खाल्लं. आता मागच्या दहा वर्षांची इथली घरपट्टी फरकासकट भरा, वर दंड, वर व्याज. नाहीतर घरावर बोजा चढणार.

डेटनची ती सूट केवढी, तर वर्षाकाठी आम्हा दोघांचं एकदा बाहेर जेवण होईल एवढी. निघताना पेपर बंद केला, बर्फ उपसणाऱ्या मुलाला नाही म्हणून सांगितलं, चर्चच्या बायकांचा निरोप घेतला. सूट बंद करायची असते हे कुणाच्या डोक्यात येतं? आमच्या गल्लीत अर्धी माणसं ओहायो-मिशिगनची. आमचं कळल्यावर आज घरोघरी जुन्या कागदांची कपाटं उघडली गेली असणार.

१२ मार्च

क्लाइडला फोन केला. म्हणाला, "अरे, यायची पत्रं अधूनमधून लोरेटाच्या नावानं. पण दुसऱ्याचं पत्र फोडणं बेकायदा असतं ना."

माझ्या मेहुण्यानं आयुष्यात पाळलेला हा एकुलता एक कायदा.

१५ मार्च

गिलनं हिशेब मांडला आणि कागद उलटा करून माझ्याकडे सरकवला, डॉक्टर सरकवतात तसा. इथली सूट म्हणजे नुसती सूट नाही, घरपट्टीच्या वाढीला घातलेली वेसण आहे. समोर नवी माणसं राहायला आली, ती आमच्या चौपट भरतात. वेसण सुटली तर पुढची प्रत्येक घरपट्टी तशीच येणार, आणि मागचं वेगळं. माझ्या पेन्शनीत हे बसत नाही. कसंही मुरडलं तरी बसत नाही.

घर विकायचं असतं तर विकलं असतं. पण लोरेटाचं काय? ती विसरते. डॉक्टरांनी हिवाळ्यातच सांगितलंय, जागा बदलू नका. इथे तिला डोळे मिटून न्हाणीघर सापडतं, कपबशा कुठे असतात ते कळतं. भाड्याच्या खोलीत मी एकटा तिला सांभाळू शकणार नाही. म्हणजे ती सरकारी शुश्रूषागृहात आणि मी कुठेतरी दुसरीकडे. ते मी होऊ देणार नाही. वकीलसाहेब, हे ठळक करून ठेवा.

२४ मार्च

आज लोरेटा मजेत होती. सकाळी मी कॉफी दिली तर म्हणते, "साहेब, तुमच्या हातची कॉफी छान असते हं. तुमचं लग्न झालंय का?"

मी म्हटलं, "झालंय. पण बायको फार कडक आहे."

"अगंबाई," ती म्हणाली, "मग मी फार वेळ बसत नाही." आणि खरंच चटकन उठून कप विसळून ठेवला.

या वयात थट्टा करायची लहर येते म्हणजे तब्येत सुधारते आहे. दिवसभर आठवून हसत होतो.

३ एप्रिल

कचेरीची तपासनीस बाई येऊन गेली. मिस पेटिट. तरुण, नम्र, हातात टॅबलेट म्हणतात ती काचेची पाटी. न कळवता येतात. खरंच राहता का ते बघायला. कुणी टीप दिली तर शेजाऱ्यांनासुद्धा विचारतात म्हणे.

मी मागे नारंगीच्या झाडाला पाणी घालत होतो. लोरेटानं दार उघडलं. मी हात पुसत येईपर्यंत बोलणं सुरू झालं होतं.

"तुम्ही इथेच राहता का?" बाईनं विचारलं.

"छे हो," लोरेटा म्हणाली. "आमचं घर डेटनला. दारात मोठं मेपलचं झाड आहे, कुणालाही विचारा. इथे आपली थोडे दिवस आहे. या साहेबांनी राहू दिलंय, भले गृहस्थ आहेत. माझा नवरा न्यायला येणार आहे."

मिस पेटिटनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "तिची थट्टा करायची सवय आहे." बाईनं पाटीवर काहीतरी टिपलं. "मी दोन्ही लिहिते," म्हणाली. "त्या काय म्हणाल्या ते आणि तुम्ही काय म्हणालात ते." जाताना लोरेटाच्या हातावर हात ठेवून गेली. लोरेटानं तिला बिस्किटांचा अख्खा डबा दिला.

दार लागल्यावर मी आवाज चढवला. चढवायला नको होता. सकाळी लापशी करपली म्हणून आमची कुरबुर झाली होती, त्याचं उट्टं तिनं असं काढलं. दुसरं काही कारण मला दिसत नाही. डेटन! मेपल! ते झाड आम्ही निघायच्या आधीच पडलं होतं.

४ एप्रिल

ती माझ्याशी फार अदबीनं बोलते आहे. म्हणजे अजून राग आहे.

१९ एप्रिल

गिल आला. बरोबर बायकोनं दिलेलं पास्त्याचं भांडं. बाहेर जाळीच्या पडवीत बसलो. लोरेटा आत टीव्ही बघत होती.

"एक वाट आहे," गिल म्हणाला. "ऐकून घे, मग ओरड. नवराबायको एकत्र असतील तर सूट एक. पण वेगळे राहत असतील, संसार वेगळा असेल, तर ज्याची त्याला. तुझी इथली, तिची तिथली. मग गुन्हाच नाही."

"आम्ही वेगळे राहत नाही."

"अकरा वर्षांपूर्वी क्लाइडच्या ऑपरेशनला ती डेटनला गेली होती ना, बरेच महिने?"

"भावाचं हृदय फाडलं होतं, गिल."

"गेली होती की नाही? तिचं गाडीचं लायसन्स अजून ओहायोचं. मतदानाची नोंद ओहायोची."

ते खरं आहे. तिथे वाचनालयाच्या निधीसाठी मतदान होतं, त्यात आपलं एक मत पडावं म्हणून तिनं ती नोंद कधी हलवली नाही. मी तेव्हाच म्हटलं होतं, आरसा बघ, मागून कोण येतंय ते बघ. माझं कोण ऐकतं.

"तर ती तेव्हा गेली ती तिथेच राहिली," गिल म्हणाला. "तुमचं पटलं नाही. घटस्फोट वगैरे काही नाही, आपले वेगळे झालात. पुढे ती आजारी पडली, भावाला झेपेना, म्हणून तू माणुसकीनं तिला इथे आणलंस. मागचं सगळं माफ. पुढच्यासाठी डेटनची सूट बंद करू, तिथलं ते चिल्लर भरून टाकू. घर वाचलं."

"आणि हे मी सांगायचं? शपथेवर?"

"मी सांगून चालणार आहे का?"

मी त्याला चालता हो म्हटलं. भांडं ठेवून गेला.

२ मे

एका वकिलालाही विचारून पाहिलं. त्यानं फी घेतली आणि गिलचंच सांगितलं, फक्त हळू आवाजात.

१६ मे

प्रेमकिड्यांचा मोसम. जोडीजोडीनं चिकटून उडतात आणि गाड्यांच्या काचांवर येऊन मरतात. काच घासून घासून हात दुखले.

गिलला हो म्हटलं. कचेरीत सुनावणीसाठी अर्ज टाकला. अर्ज टाकून आलो आणि लोरेटाला घेऊन साडेचारला जेवायला गेलो, म्हाताऱ्यांच्या सवलतीच्या वेळेला. तिनं मासे मागवले. वाढणाऱ्या मुलीला म्हणाली, "बिल या साहेबांना देऊ नका हं, माझा नवरा येऊन देईल." मुलगी हसली, मीही हसलो. नंतर गाडीत बसल्यावर हसू आलं नाही. का ते माहीत नाही.

९ जून

क्लाइडनं लिहून दिलं की ती त्याच्याकडे राहत होती. त्या बदल्यात डेटनच्या घरात मरेपर्यंत राहू द्यायचं. म्हटलं, राहा बाबा. खोटं बोलायलासुद्धा याला भाडं लागतं.

गिल रोज संध्याकाळी माझी उजळणी घेतो. तो अधिकारी होतो, मी मी होतो. "कधीपासून वेगळे?" "ऑपरेशनपासून." "इथे कधी आणलं?" "दोन वर्षांपूर्वी." मी मुलांना परीक्षेच्या आधी असंच घोकवायचो. थांबा, बघा, निघा. माझ्या हाताखालून सहसा कुणी नापास व्हायचं नाही.

"आणि लोरेटा?" मी विचारलं. "तिलाही नेणार?"

"तिला तर न्यायचंच!" गिल म्हणाला. "तुझी सगळ्यात पक्की साक्षीदार आहे ती. तिला काही शिकवावं लागणार नाही."

तो हे बोलून गेल्यावर त्याचं तोंड उतरलं. माझं काय झालं ते मला दिसलं नाही.

२८ ऑगस्ट

वादळ. किनाऱ्यापाशी येऊन उत्तरेला वळलं, पण दुपारभर वाऱ्यानं घर हलवलं. मी खिडक्यांना पत्रे लावले होते. वीज गेली. दोघं मधल्या बोळात गादी टाकून बसलो, तिथे खिडकी नाही. बाहेर काहीतरी पत्र्यावर आपटलं आणि लोरेटानं माझा हात घट्ट धरला.

बराच वेळ धरून होती. मग म्हणाली, "साहेब, तुमची बायको काळजी करत असेल ना? अशा वाऱ्यात तुम्ही इथे माझ्यापाशी."

मी म्हटलं, "लोरेटा, थट्टा पुरे."

तिनं माझ्याकडे पाहिलं. थट्टेचा मागमूस नव्हता. घाबरली होती, आणि आपण काहीतरी चुकीचं बोललो म्हणून ओशाळली होती. "माफ करा," म्हणाली. "तुमच्या घरचं विचारायला नको होतं मी."

कॉफीच्या वेळचं, मासे खाल्ले तेव्हाचं, मिस पेटिटसमोरचं, सगळं एकदम माझ्या अंगावर आलं. कधीपासून? मी तिला कपडे घालतो, तिचे केस विंचरतो, आणि ती एका परक्या माणसाकडून हे करून घेते आहे, कारण दुसरा इलाज नाही, आणि तरी दर वेळी आभार मानते. मी शहाणा, मला वाटत होतं बायको खुशीत आहे.

"माझी बायको माहेरी गेलीय," मी म्हटलं.

"येईल हो," ती म्हणाली आणि माझा हात थोपटला.

३० ऑगस्ट

नारंगीचं झाड मोडलं. एरवीही त्याला कीड लागली होतीच.

११ सप्टेंबर

डॉक्टर म्हणाले, असं होतं. चेहरे जातात. कधीकधी एखादा क्षण परत येतात, आवाजानं, वासानं, पण त्यावर भरवसा ठेवू नका. मी विचारलं, तिला खरं सांगू का? "कशाला?" डॉक्टर म्हणाले. "तिच्या जगात नवरा येणार आहे. ती त्या आशेवर सुखी आहे. येऊ द्या त्याला."

गिलला सांगितलं. म्हटलं, आता सुनावणी नको. त्यानं हिशेबाचा कागद पुन्हा काढून बघितला. मग म्हणाला, "वेंडेल, वाईट वाटून घेऊ नकोस. पण मग तू खोटं कुठे बोलणार आहेस? तिच्या लेखी तू नवरा नाहीसच. तू फक्त तिच्याच बाजूनं बोलायचं."

इतकं सरळ होतं ते, की रागसुद्धा आला नाही. तिला तर काही कळणार नाही. तिचं घर राहील, न्हाणीघर राहील, कपबशा राहतील. मी एक वाक्य बोलायचं आणि विसरून जायचं.

जायचं ठरलं.

१४ ऑक्टोबर

सुनावणी झाली. सगळं लिहितो. गिलसाठी नाही.

कचेरीतली साधी खोली. लांब टेबल, पाण्याचा जग, थंडगार हवा. लोरेटाला निळा स्वेटर घातला होता. एका बाजूला मिस पेटिट, दुसऱ्या बाजूला आम्ही, मागे खुर्चीत गिल. अधिकारी टकलू, पन्नाशीचा, सभ्य. त्यानं हात वर करून शपथ घ्यायला सांगितली. लोरेटानंही हात वर केला, तिला अशा गोष्टी आवडतात.

आधी तिलाच विचारलं. "मॅडम, तुमचं घर कुठे?"

"डेटनला."

"आणि हे गृहस्थ?"

"फार चांगले आहेत," ती म्हणाली. "मी यांच्याकडे उतरले आहे. यांचं लग्न झालंय," हे जरा घाईनं म्हणाली, गैरसमज नको म्हणून. मिस पेटिट टेबलाकडे बघत राहिली. मागून गिल अगदी हळूच खाकरला. म्हणजे जमतंय.

मग मला. वेगळे राहता? हो. कधीपासून? तिच्या भावाच्या ऑपरेशनपासून. पुढे इथे कधी आणलं? दोन वर्षांपूर्वी, आजारी पडल्यावर. थांबा, बघा, निघा. अधिकारी मान डोलवत लिहीत होता. कागद मिटणारच होता, आणि सहज, काहीतरी विचारायचं म्हणून त्यानं विचारलं, "का वेगळे झालात?"

हे आम्ही घोकलं नव्हतं. पटलं नाही, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण मला वाटलं आपण अडखळलो तर सगळं जाईल. माझा आवाज चढला, गाडीत मुलं चुकली की चढायचा तसा.

"मला तिच्याबरोबर राहायचं नव्हतं," मी म्हटलं. "बस. नको होती मला ती."

"वेंडेल?"

लोरेटा माझ्याकडे वळली होती. मी त्या डोळ्यांकडे पाहिलं आणि मला कळलं. ती मला बघत होती. मलाच. कितीतरी दिवसांनी कुणीतरी मला बघत होतं.

"वेंडेल, मी काय केलं रे?"

ती परत म्हणाली, "सांग ना. मी काय केलं? तुझी ती शिकवायची गाडी मी ठोकली म्हणून का? ती तर तू म्हणालास, जाऊ दे."

अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवलं. म्हणाला, "मिस्टर क्राउस, शेवटचा प्रश्न मी परत विचारू का? पाहिजे तर पहिल्यापासून विचारतो."

"नका विचारू," मी म्हटलं. "ही माझी बायको आहे. आम्ही कधीच वेगळे राहिलो नाही. एका घरात राहतो, एका पलंगावर निजतो. ते सगळं खोटं आहे."

मी तिच्या हातावर हात ठेवला. तिनं हात काढून घेतला.

"आता नको," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर बोललास तू."

अधिकारी म्हणाला, मी आधीचं काही ऐकलं नाही असं धरतो, पण सूट देता येणार नाही. मिस पेटिट रडत होती. तिनं कशाला रडावं, ती जिंकली.

बाहेर गिल म्हणाला, "आणखी एक मिनिट गप्प बसला असतास..." आणि वळला. स्वतःच्या गाडीनं गेला.

मी लोरेटाला बसवलं, पट्टा लावला. कालव्यावरच्या पुलापर्यंत ती खिडकीतून बाहेर बघत होती. मी म्हटलं, "लोरेटा, ते मी घरासाठी बोललो. ऐकतेस का? घर वाचावं म्हणून."

तिनं मान वळवली. अदबीनं म्हणाली, "साहेब, तुम्हाला त्रास देते, पण मला कुणाला तरी सांगायला हवं. आज त्या कचेरीत माझा नवरा भेटला. मी इतकी वाट बघत होते. तर त्यानं सगळ्यांदेखत सांगितलं की त्याला मी नको."

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. आरसा न बघता.

"ऐकण्यात चूक झाली असेल," मी म्हटलं.

"नाही हो," ती म्हणाली. "त्याचा आवाज मी ओळखते."

२ नोव्हेंबर

घरावर बोजा चढला. गिल आला होता. म्हणाला, अपील करता येईल, वर्ष निघेल, पण व्याज थांबत नाही. विकून बोजा फेडला तर हातात थोडं तरी राहील. मी म्हटलं, विकू. मग तो आणि मी शफलबोर्डच्या, काठीनं चकत्या ढकलायच्या खेळाच्या, मैदानावर गेलो, खेळलो नाही, बाकावर बसून आलो.

१९ नोव्हेंबर

तिचं नाव शुश्रूषागृहात लागलं. बायकांच्या बाजूला, दोघींना एक खोली. मला तिथे बसनं जाता येईल अशी जागा स्वतःसाठी बघितली आहे. भेटायला येणाऱ्यांच्या वहीत नातं लिहावं लागतं. ते मी लिहीन.

आवाज विसरेल, चेहरे विसरली तशी, अशी आशा होती. बाकी सगळं विसरते. आज सकाळी काय खाल्लं ते नाही सांगता येत. हे एवढंच राहिलं आहे. दुपार झाली की पूर्वी विचारायची, घरी कधी जायचं, नवरा कधी येणार. आता विचारत नाही. मी आपणहून म्हटलं, "तुमचा नवरा येईल हं." तर म्हणाली, "तुम्ही चांगले आहात म्हणून म्हणता. तो नाही येणार."

डॉक्टरांनी सांगितलं होतं, ती त्या आशेवर सुखी आहे. घर तर गेलंच, ती आशाही घालवली मी. मी तिला दिवसातून कितीदा सांगतो, तो खोटं बोलला, त्याची लाचारी होती, तुमच्यावर फार जीव होता त्याचा. ती ऐकून घेते. परक्या माणसाच्या तोंडून नवऱ्याची तरफदारी ऐकताना बायका जशा गप्प बसतात तशी बसते.

८ डिसेंबर

घर बघायला लोक आले. दलाल बाई आणि एक जोडपं, तिशीचं, मिशिगनचं. बायकोला दिवस गेले होते.

मी मागे होतो. दार पुन्हा लोरेटानंच उघडलं.

"या ना, या," तिचा आवाज आला. "पाय पुसले नाहीत तरी चालतील." तिनं त्यांना सगळं दाखवलं. न्हाणीघर, कपबशांचं कपाट, बोळ. वादळात इथे बसायचं, म्हणाली, इथे खिडकी नाही. काही चुकलं नाही तिचं. मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहून ऐकत होतो.

"छान ठेवलंय हो घर," ती मुलगी म्हणाली. "तुम्ही हिवाळ्यापुरत्या येता का इथे?"

"छे," लोरेटा म्हणाली. "हे माझं घर आहे. पूर्वी आम्ही डेटनला असायचो, पण तिथे आता कोण आहे माझं? मी इथेच राहते. कायमची."

मुलीनं दलाल बाईकडे पाहिलं. दलाल बाई माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "यांना थोडा वेळ बाहेर नेता का? लोकांना संकोच होतो."

बाहेर ऊन होतं आणि सावलीचं झाडही उरलेलं नाही. मी तिला गाडीत बसवलं, गार हवा सुरू केली आणि शेजारी बसलो. ती काचेतून घराकडे बघत होती, पाहुणे आत सोडून आल्यावर घरातल्या बाईचं लक्ष लागत नाही तशी.

"साहेब," तिनं विचारलं, "हे लोक किती दिवस राहणार आहेत?"

मी म्हटलं, "थोडेच दिवस."